हाडांचं सिमेंट आणि वेरूळचा गिलावा



बरेच दिवस काही लिहिलं नाही. घरात आजारपण होतं. आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, वय वर्षं एकोणऐंशी, न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्यापाशी मांडीच्या हाडाची मान मोडली. आता ती वॉकर धरून तुळशीवृंदावनापर्यंत जाते, दोन चमचे साखरेचा चहा पिते आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना हुकूम सोडते. म्हणजे गाडी रुळावर आली आहे. पण ती पडली त्या रात्री आमच्या घरात जो वाद झाला तो काही माझ्या डोक्यातून जात नाही. वाद सिमेंटवरून झाला. घर बांधायच्या सिमेंटवरून नव्हे, हाडात भरायच्या.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरून सांगितलं, की मोडलेला गोळा काढावा लागेल, त्या जागी धातूचा बसवू आणि त्याची दांडी मांडीच्या हाडात सिमेंटनं पक्की करू. उद्या सकाळीच करू. अक्का वेदनेनं कळवळत होती, तरी म्हणाली, "म्हणजे डॉक्टर, माझ्या कमरेत आता स्लॅब पडणार का?" डॉक्टरही हसले.

संध्याकाळी पुण्याहून भाचा आला. इंजिनिअर आहे, हुशार आहे आणि आईवर त्याचा फार जीव. रात्रभर मोबाईलवर वाचत बसला आणि पहाटे मला म्हणाला, "मावशी, हे लोक आईला जुनं प्लास्टिकचं सिमेंट घालणार आहेत. साठ वर्षांपूर्वीचं! आता बायोॲक्टिव्ह सिमेंट निघालंय, त्यानं नवीन हाड तयार होतं. आपण दोन-तीन दिवस थांबू. मी मुंबईत चौकशी करतो. आईला जे उत्तम असेल तेच घालायचं."

"आईला उत्तम तेच" या वाक्यापुढे कोण काय बोलणार? मी गप्प बसले. डॉक्टर मात्र गप्प बसले नाहीत. ते म्हणाले, "अहो, या वयात खुबा मोडल्यावर अंथरुणातला एकेक दिवस महाग पडतो. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. दाखल झाल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करावं असं जगभर सांगतात. आणि तुम्ही म्हणता ते सिमेंट या कामाचं नाही." शेवटी अक्कानंच निकाल दिला. "मला दुखतंय. काय भरायचंय ते भरा, पण आज भरा."

ऑपरेशन झालं, नेहमीच्या सिमेंटनंच झालं. पण भाच्याचा प्रश्न मला खुळा वाटला नाही. हाडात मेलेलं प्लास्टिक भरण्यापेक्षा हाड वाढवणारं काही भरलं तर वाईट काय? मी बी.ए. मराठी माध्यमातून केलं, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण गेले काही महिने मिळेल ते वाचलं, अक्काला तपासायला गेलो की डॉक्टरांना प्रश्न विचारून पिडलं, आणि आता माझं एक मत बनलं आहे. तेच मांडते.

मत आधीच सांगून टाकते. हाड वाढवणारी भर घातलेलं सिमेंट ही कल्पना उत्तम आहे आणि त्यावर काम व्हायलाच हवं, आपल्या देशात तर नक्कीच. पण "नवं" आणि "भर घातलेलं" म्हणजे आपोआप "चांगलं" असं नसतं. हे सिमेंट कोणत्या कामासाठी आहे आणि ते घातल्यावर माणसांचं काय झालं, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. पेशंटच्या नातेवाइकांनी तर विचारायलाच हवेत.

आधी हे सिमेंट म्हणजे काय ते सांगते. मला ते कळलं तेव्हा हसूच आलं, कारण ते माझ्या तोंडातच आहे! माझ्या कवळीचा गुलाबी भाग ज्या ॲक्रिलिकचा आहे, त्याच जातीचं हे प्लास्टिक. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट असं त्याचं लांबलचक नाव. इंग्लंडमधले सर जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याचा कृत्रिम सांधा बसवण्यासाठी ते वापरायला सुरुवात केली, आणि त्यांना ते सुचवायला मँचेस्टरमधले दंतसाहित्याचे अभ्यासक डेनिस स्मिथ यांची मदत झाली होती. एका पुडीत पावडर, एका कुपीत उग्र वासाचा द्रव. साधारण चाळीस ग्रॅम पावडरीला वीस मिलिलिटर द्रव. दोन्ही कालवले की कणकेसारखा गोळा होतो आणि दहा-पंधरा मिनिटांत दगडासारखा घट्ट. एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून त्यात बेरियम सल्फेटसारखी पावडर आधीच मिसळलेली असते. म्हणजे "भर" ही काही आजची गोष्ट नाही.

चार्नलींनी एक गोष्ट आवर्जून सांगितली होती. हे सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. ते हाडाला चिकटत नाही. हाडाच्या आतल्या जाळीत, खाचाखोचांत शिरतं आणि तिथं घट्ट होऊन धरून ठेवतं. ज्यांनी दगडी बांधकाम पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. दोन दगडांमधल्या दरजा भरतात ना, तसं. धातूवरचं ओझं हाडावर सगळीकडे सारखं वाटलं जावं, हे त्याचं काम.

आणि हे काम ते फार चोख करतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. इंग्लंडमध्ये अक्कासारख्याच साठीपुढच्या, खुबा मोडलेल्या बाराशेहून जास्त पेशंटवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना सिमेंट घालून सांधा बसवला, निम्म्यांना नव्या पद्धतीचा, सिमेंटशिवाय हाडात घट्ट बसणारा. २०२२ साली निष्कर्ष आले. सिमेंटवाल्यांचं चार महिन्यांनंतरचं जगणं थोडं जास्त सुसह्य होतं, आणि सांध्याभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण सिमेंटवाल्यांत ०.५ टक्के, तर बिनसिमेंटवाल्यांत २.१ टक्के. हे त्या "साठ वर्षांपूर्वीच्या प्लास्टिकचं" प्रगतिपुस्तक. भाच्याला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हे त्या रात्री का नाही सापडलं मला?" सापडणार कसं? तो "लेटेस्ट" असा शब्द घालून शोधत होता.

अर्थात दोष आहेतच. घट्ट होताना हे सिमेंट तापतं, प्रयोगशाळेत ७०-८० अंशांपर्यंतसुद्धा, शरीरात त्याहून कमी. ते भरताना काही पेशंटचा रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. आणि मुख्य दोष म्हणजे हाडाशी त्याचं काही नातं जुळत नाही. हाड ही जिवंत वस्तू आहे. जुनं हाड खाणाऱ्या पेशी आणि नवं रचणाऱ्या पेशी आपल्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी बदलत असतात. या राबत्या घरात प्लास्टिक म्हणजे न बोलणारा भाडेकरू. शरीर त्याच्याभोवती कधी कधी तंतूंचा पातळ पडदा धरतं. वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी सिमेंटला बारीक चिरा पडू शकतात, सांधा सैल होऊ शकतो. ऐंशीच्या अक्काला त्याची फारशी चिंता नाही, पण चाळिशीतल्या माणसाला आहे.

दुसरा दोष ताठपणाचा. म्हातारपणी पाठीचा मणका चेपतो, तेव्हा सुईनं त्यात सिमेंट सोडायची एक पद्धत आहे. फ्रान्समध्ये १९८४ साली ती प्रथम वापरली गेली. आता मणक्यातलं ठिसूळ झालेलं जाळीदार हाड कुठं आणि हे ताठ प्लास्टिक कुठं! भरलेला मणका टणक होतो, पण त्यामुळे शेजारच्या मणक्यावर जास्त ताण येऊन तो मोडतो की काय, अशी शंका डॉक्टरांना आहे. सगळे अभ्यास यावर एकमताचे नाहीत, पण शंका रास्त आहे.

हे वाचताना मला आमचा गावाकडचा वाडा आठवला. पांढऱ्या मातीच्या आणि चुन्याच्या भिंती होत्या. एका पावसाळ्यात मागच्या भिंतीचा पोपडा पडला तेव्हा काकांनी हौसेनं बाजारातून सिमेंट आणून तेवढ्या भागावर थापलं. सगळे म्हणाले, आता शंभर वर्षं बघायला नको. चार-पाच पावसाळ्यांत ते सिमेंटचं ठिगळ जसंच्या तसं, अखंड, खाली आलं, आणि येताना भिंतीचं दोन बोटं मांसही घेऊन आलं! सिमेंटचं काहीच बिघडलं नव्हतं. त्यानं आतली ओल अडवली आणि मागची मऊ भिंत भुसभुशीत झाली. जुन्या इमारतींची डागडुजी करणारे जाणकार हेच सांगतात: चुन्याच्या बांधकामाला चुनाच लावा. डागडुजीचा माल मूळ भिंतीपेक्षा कडक नको.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या (माझ्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं, सांभाळून घ्या) उशालाच याचा आणखी एक धडा आहे. वेरूळच्या लेण्यांतला मातीचा गिलावा इतकी शतकं कसा टिकला, याचा अभ्यास पुरातत्त्व खात्यातल्या आणि इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या संशोधकांनी केला. २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. गिलाव्यात त्यांना चक्क भांगेच्या झाडाचे कुटलेले भाग सापडले! मातीला धरून ठेवायला, ओल सांभाळायला आणि किडे दूर ठेवायला ही भर उपयोगी पडली असावी, असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात ती सापडली नाही, आणि अजिंठ्याच्या चित्रांचं किड्यांनी केलेलं नुकसान तर आपण पाहतोच. म्हणजे आपल्या कारागिरांना भर घालण्याची विद्या चांगली ठाऊक होती. पण ती भर कोणत्या भिंतीसाठी, किती आणि कशासाठी, हे ठरलेलं होतं. भांग चांगली म्हणून कुणी नुसत्या भांगेचा गिलावा केला नाही!

असो. आता हाड वाढवणाऱ्या भरीकडे येते.

याची सुरुवात एका बसच्या प्रवासात झाली. १९६७ साली अमेरिकेतले काचेचे अभ्यासक लॅरी हेंच एका परिषदेला निघाले होते. शेजारी बसलेले लष्करी अधिकारी नुकतेच व्हिएतनामहून आलेले. त्यांनी विचारलं, जखमी सैनिकांच्या शरीरात आम्ही धातू नि प्लास्टिक घालतो आणि शरीर ते झिडकारतं. शरीर झिडकारणार नाही असं काही तुम्हाला करता येईल का? हेंचनी विचार केला, की हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस आहे, तर तेच असलेली काच करून पाहू. १९६९ मध्ये त्यांनी सिलिका, सोडा, चुना आणि फॉस्फरस यांची एक काच केली. उंदरांच्या हाडात तिचे तुकडे बसवले आणि सहा आठवड्यांनी काढायला गेले तर निघेनात. हाडानं काचेला धरून ठेवलं होतं! हीच ती पहिली जैवसक्रिय, म्हणजे बायोॲक्टिव्ह काच. दात सळसळतात म्हणून आपण वापरतो त्यातल्या काही टूथपेस्टमध्येही आता हीच काच असते.

तिची युक्ती साधी आहे. शरीरातल्या द्रवात ती हळूहळू विरघळते, कॅल्शियम-फॉस्फरस बाहेर सोडते आणि तिच्या अंगावर हाडातल्या खनिजासारखाच एक थर तयार होतो. त्या खनिजाचं नाव हायड्रॉक्सिॲपेटाइट. हाड रचणाऱ्या पेशींना तो थर ओळखीचा वाटतो आणि त्या तिथं कामाला लागतात. आमच्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच खनिज तयार करून त्याचा वायू ओळखण्यासाठी कसा उपयोग होतो, यावर २००५ साली निबंध लिहिला होता. हाडाचं खनिज वायू हुंगतं, हे वाचून मी थक्क झाले.

मग सोपं आहे की! ही काच किंवा हे खनिज दळून ॲक्रिलिक सिमेंटमध्ये मिसळा, झालं. भाचाही हेच म्हणत होता. पण इथंच खरी मेख आहे.

भर वाढवली की मिश्रण घट्ट होतं, खाचाखोचांत नीट शिरत नाही, हवेचे बुडबुडे अडकतात, आणि बुडबुडा म्हणजे उद्याची चीर. भरीचे जे कण प्लास्टिकच्या आत गुरफटले जातात त्यांच्यापर्यंत शरीरातला द्रव पोचतच नाही, म्हणजे ते असून नसल्यासारखे. पृष्ठभागावरचे कण मात्र विरघळतात, हाडाला बोलावतात, पण स्वतःच्या जागी पोकळी ठेवून जातात. सांधा धरणाऱ्या सिमेंटनं किती दाब सोसला पाहिजे याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, निदान ७० मेगापास्कल. तेवढी ताकद राखायची, वर्षानुवर्षं चिरू द्यायचं नाही, हातात धरल्यावर दहा मिनिटांत वापरता आलं पाहिजे, आणि वर हाडही बोलवायचं. चौघांचे चार स्वभाव, त्यांना एका घरात नांदवण्यासारखं आहे हे. म्हणून जगभर काम चालू आहे. कुणी कणांना असा लेप देतात की ते प्लास्टिकला घट्ट धरतील, कुणी स्ट्रॉन्शियम किंवा मॅग्नेशियम घालून पाहतात, कुणी मुद्दाम कमी ताठ सिमेंट करतात, मणक्यासाठी.

दुसरी वाट अशी, की प्लास्टिक सोडूनच द्यायचं. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन आणि चाऊ यांनी कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट काढलं. प्लास्टर ऑफ पॅरिससारखं पाण्यात कालवायचं, तापत नाही, आणि घट्ट झाल्यावर हाडाचंच खनिज बनतं. हळूहळू शरीर ते खातं आणि जागी हाड आणतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनंही असं सिमेंट तयार केलं, सिरिंजमधून सोडता येईल असं, आणि २००३ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. पण हे सिमेंट खडूसारखं. दाबलं तर सोसतं, वाकवलं-पिळलं तर मोडतं. अक्काच्या खुब्यातला सांधा त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही.

म्हणजे कामं दोन आहेत, आणि आमच्या घरातला वाद ही दोन कामं एकच समजल्यानं झाला. एक काम ओझं पेलण्याचं: सांधा आजच्या आज धरायचा, उद्या म्हातारीला उभं करायचं. तिथं जुनं ॲक्रिलिक अजून राजा आहे. दुसरं काम पोकळी भरण्याचं: अपघातात गुडघ्याखालचं हाड चेचलं, गाठ काढल्यावर खळगा राहिला, हाडात पू झाला म्हणून हाड खरवडावं लागलं. तिथं प्लास्टिक कायमचं ठेवण्यापेक्षा हाड परत आणणारा भराव केव्हाही बरा. फिनलंडमध्ये निघालेली एक जैवसक्रिय काच हाडातला जुनाट पू काढल्यानंतरचे खळगे भरायला युरोपात वापरतात. ती आजूबाजूचा द्रव अल्कधर्मी करते, त्यात जंतूंना जगणं कठीण जातं. आपल्या घाटी रुग्णालयात सगळ्या मराठवाड्यातून पेशंट येतात. मोटारसायकलवरून पडून हाड बाहेर आलेली विशी-तिशीतली पोरं हाडांच्या वॉर्डात मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य आहे. हाड वाढवणाऱ्या सिमेंटचे खरे धनी ते आहेत, अक्का नव्हे. हे मी अक्कालाही सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना द्या की. मला आता वाढवायचंय काय?"

आता दुसरा प्रश्न. माणसांवर काय दिसलं?

इथं मी जरा कडक होते, मास्तरीण होते म्हणा. उत्तरपत्रिका कितीही सुंदर अक्षरात असली तरी उत्तर तपासायचं असतं. कागदावर पटणारी भर माणसात उपयोगी पडेलच असं नाही. सिमेंटमध्ये प्रतिजैविक घालायची पद्धत जर्मनीतल्या बुखहोल्त्स यांनी १९७० च्या सुमारास रूढ केली, आणि ती जगभर गेली. मग साहजिकच वाटलं, एका औषधाऐवजी दोन औषधं, तीही जास्त मात्रेत घातली तर जंतुसंसर्ग आणखी कमी होईल. इंग्लंडमध्ये खुबा मोडलेल्या जवळजवळ पाच हजार पेशंटवर हे पडताळलं. २०२३ मध्ये निकाल आला: साध्या औषधी सिमेंटमध्ये खोल संसर्ग १.७ टक्के, जास्त औषधाच्या सिमेंटमध्ये १.२ टक्के, आणि हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका लहान. म्हणजे जास्त भर घालून खात्रीचा फायदा दिसला नाही.

मणक्यात सिमेंट भरण्याचंही तसंच. हजारो लोकांनी "लगेच बरं वाटलं" म्हणून सांगितलं. २००९ साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत काहींना खरं सिमेंट भरलं आणि काहींना नुसता तसा देखावा केला. दुखणं दोन्हींत सारखंच कमी झालं! आणि हाड वाढवणारं प्रथिन, ज्याला अमेरिकेत २००२ मध्ये पाठीच्या कण्याच्या ऑपरेशनसाठी परवानगी मिळाली, त्याचे दुष्परिणाम कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत नीट सांगितलेच गेले नव्हते, असं २०११ मध्ये तज्ज्ञांनी दाखवून दिलं. "हाड वाढवतं" हे शब्द ऐकायला फार गोड आहेत. ते हाड नको तिथंही वाढू शकतं.

यावर कुणी म्हणेल, असं शंका काढत बसलं तर नवं कधी येणार? चार्नलींनीही धाडस केलंच ना? केलं. पण त्यांनी आपले पेशंट वर्षानुवर्षं तपासले, चुका झाल्या त्या मान्य केल्या. सांध्याच्या वाटीसाठी त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं होतं, ते झिजलं, तर ते टाकून दिलं. मला हेच धाडस हवं आहे. माझा विरोध नव्याला नाही, न तपासलेल्या नव्याला जास्त पैसे मोजायला आहे. ज्या घरात आई कळवळत पडलेली असते, त्या घरात घासाघीस करायची ताकद नसते. "बायोॲक्टिव्ह" हा शब्द अशा वेळी मुलांच्या मनातल्या अपराधी भावनेवर विकला जाऊ शकतो. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती आठवा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं मर्यादा घातली तेव्हा दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. मग आधीच्या लोकांनी कशाचे पैसे मोजले होते?

म्हणून मला वाटतं, हे काम आपल्या सरकारी संस्थांनी मनावर घ्यावं. श्री चित्रा संस्थेनं हृदयाची झडप देशात बनवली, १९९० मध्ये ती पहिल्या पेशंटला बसवली आणि गरिबाला परवडेल अशी केली. तसंच हाडाच्या भरावाचं व्हावं. आणि ते तपासलं जावं ते आपल्या लोकांवर, घाटीसारख्या ठिकाणी, पेशंटला नीट सांगून, त्याची संमती घेऊन आणि पाच-दहा वर्षं त्याचा माग ठेवून. विद्यापीठात पावडर तयार करणारे आणि वॉर्डात पाय जोडणारे यांनी एका टेबलाशी बसावं.

आता शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. गिलाव्यावर आपण इतके भांडलो, पण भिंतीकडे कुणी पाहिलं का? अक्काचं मनगट चार वर्षांपूर्वी असंच साध्या पडण्यानं मोडलं होतं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, विषय संपला. तिची हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे तेव्हा कुणी तपासलं नाही. दोष मी कुणाला देत नाही, कारण मीही विचारलं नाही. "वय झालं की हाडं मोडायचीच" असं मीच म्हटलेलं मला आठवतं. खुबा मोडलेल्या दोन हजारांवर पेशंटची एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली होती. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या हाडाच्या औषधानं पुन्हा हाड मोडण्याचं प्रमाण १३.९ वरून ८.६ टक्क्यांवर आलं, आणि मृत्यूही १३.३ वरून ९.६ टक्क्यांवर. हे औषध सिमेंटमध्ये कालवायचं नाही, शिरेतून द्यायचं आहे. पण माझ्या मते म्हातारीच्या हाडाला आज मिळू शकणारी सगळ्यात खात्रीची "भर" हीच. ती प्रत्येकाला चालतेच असं नाही, मूत्रपिंड वगैरे तपासावं लागतं, तेव्हा आपापल्या डॉक्टरांनाच विचारा. पण विचारा तरी!

घरातल्या आणि ओळखीच्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पन्नाशीपुढच्या कुणाचं हाड साध्या पडण्यानं मोडलं तर प्लास्टर सुकायच्या आत हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करून घ्या. खुबा मोडला तर सिमेंट कोणतं यावर वेळ दवडू नका, ऑपरेशन किती लवकर होईल ते विचारा. आणि कुणी "हाड वाढवणारं" काही सुचवलं तर शांतपणे दोन प्रश्न विचारा: हे ओझं पेलायला आहे की पोकळी भरायला? आणि माझ्यासारख्या किती माणसांवर, किती वर्षं पाहिलंय?

गेल्या रविवारी भाचा आला होता. अक्काच्या हाडांच्या तपासणीचा कागद त्यानं फाईलला लावला, वार्षिक इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली आणि न्हाणीघरात भिंतीला धरायला स्टीलची दांडी स्वतः ड्रिल मारून बसवली. दांडीच्या भोकात त्यानं सिमेंट भरलं. अक्का बाहेरून विचारते, "अरे, ते तरी नवं आहे की साठ वर्षांपूर्वीचं?"

तुमच्याकडे कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर अनुभव जरूर कळवा.